बगलेचा आरंभ : देशी बुद्धिबळाच्या एका लुप्त अंगाचा शोध

बुद्धिबळाच्या इतिहासाचीं जीं लेखी साधनें आपल्याकडील ग्रंथसंग्रहांत जतन झालेलीं आहेत, त्यांकडे एकत्र पाहिलें असतां एक मोठी उणीव चटकन् ध्यानांत येते. मोहऱ्यांच्या चाली सांगणारे श्लोक आहेत; शेवटीं चार-पांच मोहरे उरले असतां मात कशी करावी हें दाखविणाऱ्या रचना आहेत; एकच घोडा चौसष्ट घरांतून, एकाही घरीं दोनदां न जातां, फिरविण्याच्या युक्त्या आहेत. परंतु डाव मांडल्यावर पहिल्या दहा-वीस खेळी कशा करीत, हें सांगणारें लिखाण अत्यंत विरळ. युरोपांत याच्या अगदीं उलट प्रकार झाला. तेथें गेल्या पांचशें वर्षांत बुद्धिबळावर जें वाङ्मय निर्माण झालें, त्याचा फार मोठा भाग केवळ आरंभाच्या चिकित्सेवर खर्ची पडला आहे. आपल्याकडील ही उणीव पूर्वजांच्या हेळसांडीमुळें राहिली असें कोणासही सहज वाटेल. परंतु आमच्या मतें तें खरें कारण नव्हे. ती खेळाच्या नियमांतूनच उद्भवलेली आहे, आणि ती कशी भरून काढतां येईल याचा धागा एका परकीय स्पर्धेंतील डावांत सांपडतो. रत्नागिरीकडील जुन्या घरांचीं दप्तरें व पोथ्या चाळणाऱ्या संग्राहकांस हा विचार उपयोगीं पडेल, म्हणून तो येथें कांहींशा विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम 'बगलेचा आरंभ' या शब्दांनीं आम्हांस काय अभिप्रेत आहे तें सांगितलें पाहिजे. चालू आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें प्रत्येक प्याद्यास त्याच्या पहिल्या खेळीस दोन घरें जाण्याची मुभा आहे. तिचा लाभ घेऊन राजापुढील किंवा वजिरापुढील प्यादें एकदम दोन घरें पुढें ढकलावयाचें आणि पटाच्या मधल्या चार घरांवर ताबा बसवावयाचा, हा युरोपीय खेळाचा रूढ प्रघात होय. याच्या उलट, मधलीं प्यादीं मागें राखून उंटाच्या अगर घोड्याच्या प्याद्यानें, किंवा प्रत्यक्ष घोड्यानेंच, डावास तोंड फोडावयाचें. मध्यभाग प्रतिपक्षास खुशाल व्यापूं द्यावयाचा, आणि कडेच्या घरांत दबा धरून बसलेल्या उंटांनीं त्यावर दुरून मारा करावयाचा, हा बगलेचा आरंभ. कौटिल्यानें व्यूहाचे उरस्य, कक्ष व पक्ष असे विभाग सांगितले आहेत. त्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें उरस्य स्थिर ठेवून पक्षांनीं युद्ध सुरू होतें. 'चतुरंग' हें या खेळाचें जुनें नांवच सेनेच्या चार अंगांवरून आलेलें असल्यामुळें ही परिभाषा येथें उपरी वाटण्याचें कारण नाहीं.

युरोपांत हा प्रकार अगदींच अपरिचित होता असें नव्हे. इंग्लंडचा प्रसिद्ध खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यानें १८४३ सालीं पॅरिस येथें सेंत-अमां याच्याशीं झालेल्या सामन्यांत वजिराकडील उंटाच्या प्याद्यानें आरंभ केला, व तेव्हांपासून त्या आरंभास 'इंग्लिश' हें नांव मिळालें. तथापि पुढें पाऊणशें वर्षें तो आडवळणाचाच मार्ग समजला जाई. ही समजूत पालटण्यास जे डाव कारणीभूत झाले त्यांत न्यूयॉर्क येथील १९२४ च्या स्पर्धेंतील एक डाव अग्रगण्य आहे. त्या वर्षीं २२ मार्च रोजीं रिखार्ड रेटी यानें तत्कालीन जगज्जेता कापाब्लांका यास हरविलें. १९१६ पासून आठ वर्षें कापाब्लांका महत्त्वाच्या सामन्यांत एकही डाव हरलेला नव्हता. यावरून या निकालानें केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना येईल.

त्या डावांत पांढरे मोहरे रेटीकडे होते. पहिल्या खेळीस त्यानें राजाकडील घोडा बाहेर काढला. दुसरीस वजिराकडील उंटाचें प्यादें व तिसरीस त्याच बाजूच्या घोड्याचें प्यादें दोन-दोन घरें चालविलें, आणि चौथीस त्या प्याद्यानें मोकळ्या केलेल्या घरांत उंट आणून बसविला. नंतर राजाकडील घोड्याचें प्यादें एकच घर पुढें सारून दुसरा उंटही तसाच कडेला बसविला व किल्लेकोट केला. येथवर सात खेळी झाल्या तरी राजा व वजीर यांपुढील प्यादीं जागचीं हललींच नव्हतीं. वजिरापुढील प्यादें आठव्या खेळीस एक घर गेलें, राजापुढील प्यादें पंधराव्या खेळीस एक घर गेलें, आणि सोळाव्या खेळीस वजिराचें प्यादें आणखी एक घर सरकून मध्यभागीं पहिली झुंज लागली. त्यानंतर डाव वेगानें उलगडला, आणि रेटीच्या एकतिसाव्या खेळीनंतर कापाब्लांकानें हार मानली. या तऱ्हेच्या खेळास त्या काळीं 'अत्याधुनिक' असें विशेषण लावीत.

आतां देशी पद्धतीच्या नियमांकडे वळूं. हे नियम प्रांतोप्रांतीं थोडेबहुत भिन्न असत. तथापि कांहीं गोष्टी बहुतेक ठिकाणीं सारख्याच होत्या. प्यादें नेहमीं एकच घर चाले. कांहीं ठिकाणीं राजा, वजीर वा हत्ती यांपुढील प्याद्यांस विशिष्ट अटीवर दोन घरें जाऊं देत, पण तो अपवाद. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजीं शह लागण्यापूर्वीं राजास एकदांच घोड्याप्रमाणें अडीच घरांची उडी घेण्याची सवलत असे. प्यादें पटाच्या शेवटच्या घरीं पोंचलें म्हणजे तें हवा तो मोहरा होत नसे. ज्या मोहऱ्याच्या ओळींत तें पोंचलें तोच मोहरा, आणि तोही बहुधा पूर्वीं मारला गेला असेल तरच, पुन्हा उभा राही. राजाच्या व वजिराच्या ओळींतील प्याद्यांचा मात्र वजीर होई.

हे नियम समोर ठेवून डावाचा आरंभ मनांत मांडून पाहावा. मधलें प्यादें एकच घर जात असल्यानें पहिल्या खेळीस मध्यभाग व्यापण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मग घोड्यापुढील प्यादें प्रथम चालविण्यांत वेळेचा कांहीं तोटा नाहीं. उलट फायदा दुहेरी आहे. तें प्यादें एक घर सरकलें कीं उंटास कडेची वाट मोकळी होते. आणि उंट अन्यत्र न्यावयाचा असेल तर तेंच रिकामें घर राजाला उडी घेऊन जाऊन बसण्यास योग्य ठरतें. राजा आपल्या मूळ घरावरून अडीच घरांच्या उडीनें जेथें पोंचूं शकतो अशीं जीं मोजकीं घरें आहेत, त्यांत राजाकडील घोड्याच्या प्याद्याचें मूळचें घर हें एक आहे, व तिन्ही बाजूंनीं आपल्याच मोहऱ्यांनीं वेढलेलें असल्यामुळें तें सुरक्षितही आहे. दुसरें असें कीं, नवा वजीर फक्त मधल्या दोन ओळींत जन्मास येत असल्यानें तेथील प्यादीं मोलाचीं ठरतात. तीं आरंभींच मारामारींत खर्च करणें शहाणपणाचें नव्हे. कडेचीं प्यादीं त्या मानानें स्वस्त. म्हणजे बगलेनें आरंभ करणें ही देशी खेळांत कोणाची लहर नव्हती. नियमच खेळाडूस त्या वाटेनें नेत होते. रेटीच्या डावांतील मधल्या प्याद्यांची एक-एक घराची संथ चाल देशी पद्धतीच्या जुन्या खेळाडूंस मुळींच नवलाची वाटली नसती.

परंतु एक-एक घर चालणाऱ्या प्याद्यांमुळें आरंभ कंटाळवाणा होतो, हेंही खरें. ही अडचण सर्वच देशांस जाणवली, व प्रत्येकानें तिजवर आपापला उपाय काढला. युरोपानें प्याद्यास दोन घरांची मुभा दिली. बगदादच्या अब्बासी दरबारांतील अल्-अदली, अस्-सूली इत्यादि नामांकित खेळाडूंनीं आरंभीची ठराविक मांडणी बनवून तिला 'तबिया' म्हटलें, आणि या मांडण्यांस स्वतंत्र नांवें दिलीं. त्यांपैकीं एकीचें नांव 'मुजन्नह', म्हणजे पंख वा बगला असलेली. बगलेच्या आरंभास मिळालेलें हें नांव युरोपांतील अशा नांवांहून कित्येक शतकें जुनें आहे. ब्रह्मदेशांत तिसराच उपाय रूढ झाला. तेथील 'सित्तुयिन' नामक खेळांत डावीकडील चार प्यादीं तिसऱ्या ओळींत व उजवीकडील चार चौथ्या ओळींत अगोदरच उभीं असतात, आणि त्यांच्या पाठीमागें खेळाडू आपले मोहरे स्वेच्छेनें मांडतात. म्हणजे एक बगल पुढें काढूनच डावास प्रारंभ होतो. १८८६ पासून १९१६ सालीं मृत्यु येईपर्यंत रत्नागिरीस बंदिवासांत राहिलेल्या थिबा राजाच्या देशाचा हा खेळ. त्याचा राजवाडा पाहावयास जाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, 'सित्तुयिन' हा शब्दही 'चतुरंग' या शब्दाचेंच रूपांतर आहे.

हिंदुस्थानांत जो उपाय अनेक ठिकाणीं चालू होता, त्यांतच आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर आहे. डाव सुरू होतांना प्रत्येक खेळाडूनें आपल्या चार, आठ अशा ठरलेल्या संख्येच्या खेळी एकदम करून घ्यावयाच्या. अट इतकीच कीं पटाची मध्यरेषा ओलांडावयाची नाहीं. मग खरा डाव चाले. या रीतींत आरंभींच्या खेळी म्हणजे प्रतिपक्षाच्या खेळीस दिलेलें उत्तर नव्हे. ती निव्वळ छावणी ठोकणें आहे. खेळीस प्रतिखेळी हा संबंधच जेथें नाहीं, तेथें अमुक खेळीस अमुक उत्तर द्यावें असा ग्रंथ कोण लिहिणार? ज्यानें त्यानें आपल्या गुरूकडून वा वडिलांकडून पाहिलेली मांडणी करावी, इतकेंच. लिहून ठेवण्यासारखें जें होतें तें डावाच्या उत्तरार्धांत, आणि तें त्यांनीं आस्थेनें लिहून ठेविलें. प्यादेमात, म्हणजे प्याद्यानें केलेली मात, ही विशेष मानाची समजली जाई. तशा मातीच्या रचना जपून ठेवण्याचा सोस त्यामुळेंच वाढला.

हा केवळ तर्क नव्हे, हें दाखविण्यास एक बळकट पुरावा बंगालकडे आहे. कलकत्त्यास वकिली करणारा जॉन कॉक्रेन हा त्या काळचा नामांकित खेळाडू. १८४८ च्या सुमारास त्याची गांठ मोहेशचंद्र बंद्योपाध्याय नांवाच्या, शहरापासून दूर राहणाऱ्या एका ब्राह्मणाशीं पडली. हा गृहस्थ कोणाकडूनही हरलेला नाहीं अशी त्याची ख्याति होती. पुढें कित्येक वर्षें या दोघांचे डाव युरोपीय नियमांनीं होत राहिले. कॉक्रेननें ते टिपून ठेवल्यामुळें ते आज वाचावयास मिळतात. आणि देशी पद्धतींत मुरलेला खेळाडू नियम बदलले तरी डावास आरंभ कसा करी, हें त्यांत स्पष्ट दिसतें. मे १८५५ मधील एका डावांत काळे मोहरे मोहेशचंद्रांकडे होते. त्यांनीं राजाकडील घोडा काढला, त्याच बाजूच्या घोड्याचें प्यादें एक घर सारलें, त्या घरीं उंट बसविला, आणि कॉक्रेनला मध्यभाग व्यापूं देऊन मग वजिराकडील उंटाच्या प्याद्यानें त्यावर हल्ला चढविला. या मांडणीस आज ज्याच्या नांवानें ओळखतात तो ग्रुन्फेल्ड ती १९२२ सालीं प्रचारांत आणूं लागला; म्हणजे सदुसष्ट वर्षांनंतर. डाव मोहेशचंद्र हरले, हें सांगितलें पाहिजे. कॉक्रेननें घोड्याच्या दुहेरी शहानें राजास कोपऱ्यांत लोटून, वजिराचा बळी देऊन, आपल्याच हत्तीनें कोंडलेल्या राजावर घोड्यानें मात केली. परंतु हरला तो शेवट. आरंभास त्यांत दोष नव्हता. मोहेशचंद्रांच्या या मांडण्यांवरूनच 'भारतीय बचाव' हें नांव पाश्चात्त्य ग्रंथांत रूढ झालें.

यावरून रेटी प्रभृति मंडळींनीं आपल्याकडून विद्या चोरली, असा डांगोरा कोणी पिटूं लागल्यास तें आम्हांस मान्य नाहीं. तसा संबंध दाखविणारा पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. रेटीनें दोन घरांच्या मुभेंत वाढलेल्या खेळांत ती मुभा मुद्दाम न वापरण्याचें सामर्थ्य ओळखलें. मोहेशचंद्रांस ती मुभा मुळांत नव्हतीच. दोघे एकाच घाटावर उतरले, वाटा वेगळ्या. पंजाबांतील सुलतान खान याचें उदाहरणही येथें बोलकें आहे. देशी पद्धतीवर वाढलेल्या या खेळाडूनें १९२९, १९३२ व १९३३ असें तीन वेळां ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें, व हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेंत कापाब्लांकासही हरविलें. तरी आरंभाच्या शास्त्रांत तो कच्चा, असेंच त्याचे समकालीन म्हणत. ज्या परंपरेंत आरंभ शिकविण्याचा विषयच नव्हता, तिच्यांतून आलेल्यास हें वैगुण्य असणें साहजिक आहे.

आपल्याकडील ग्रंथांचा विचार आतां थोडक्यांत करूं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, क्रीडांच्या प्रकरणीं चतुरंगाचें वर्णन आहे. सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टाचें प्रकरण आमच्या दृष्टीनें त्याहूनही जवळचें. मूळचें पैठणचें हें भट्ट घराणें काशीस स्थायिक झालें होतें. नीलकंठाच्या 'भगवन्तभास्कर' या बारा मयूखांच्या ग्रंथांतील 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. रत्नागिरीकडे मिताक्षरेचा मान पहिला व त्याचा दुसरा, एवढाच फरक. याच ग्रंथाच्या 'नीतिमयूख' नामक भागांत त्यानें बुद्धिबळाचें विवेचन केलें असून, मोहऱ्यांची मांडणी, त्यांच्या चाली व घोड्याचें चौसष्ट घरांचें भ्रमण हे विषय घेतले आहेत. 'व्यवहारमयूखा'ची चिकित्सक आवृत्ति १९२६ सालीं काढणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे चिपळूणजवळच्या परशुराम येथील. विद्यार्जन संपल्यावर ते कांहीं काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. वारसा आणि दत्तक यांच्या तंट्यांत ज्याचे श्लोक वकील मंडळी घोकीत, तोच ग्रंथकार राजनीतीच्या पोटांत बुद्धिबळास जागा देतो, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. त्याच्या दृष्टीनें हा नुसता करमणुकीचा विषय नव्हता.

मुंबईस १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं संस्कृतांतून इंग्रजींत उतरविलेला बुद्धिबळावरील ग्रंथ छापला गेला, व तीन वर्षांनीं त्यांतील रचना लंडनमध्यें विल्यम लुइस यानें पुन्हा प्रसिद्ध केल्या. त्यांतही भर आहे तो डावाच्या आणीबाणीच्या स्थितींवर. शिवाय युरोपीय खेळाशीं जुळते करून त्या दिलेल्या आहेत. देशी नियमांच्या अभ्यासकानें हा ग्रंथ वापरतांना ही गोष्ट विसरतां कामा नये.

मुद्दा असा कीं, आरंभाचा इतिहास स्वतंत्र पोथीच्या रूपानें मिळण्याची आशा धरणें व्यर्थ आहे. तो मिळाला तर नियमांच्या टिपणांतून, मांडणीच्या आकृत्यांतून व समासांतील एखाद-दुसऱ्या ओळींतून मिळेल, आणि नेमके असेच कागद ओळखूं न आल्यामुळें बाजूस पडतात. कोंकणच्या दमट हवेंत कसर लागलेलीं बासनें सोडतांना धर्मशास्त्र, वैद्यक, ज्योतिष यांच्या पोथ्या प्रथम निवडल्या जातात. आठ-आठ घरांचा आंकडे घातलेला चौकोन दिसला कीं तो यंत्र समजून मांत्रिकाच्या गठ्ठ्यांत जातो. त्याची परीक्षा सोपी आहे. एक ते चौसष्ट आंकडे असून एकापासून दोन, दोनापासून तीन हें प्रत्येक अंतर घोड्याच्या अडीच घरांचें असेल, तर तें घोड्याचें भ्रमण होय. आंकड्यांऐवजीं अक्षरें असलीं तर तीं त्याच क्रमानें वाचून पाहावीं. आपल्या काव्यशास्त्रांत अशा रचनेस तुरगबंध म्हणतात, आणि रुद्रटानें नवव्या शतकांतच तिचें उदाहरण दिलेलें आहे.

मोडी याद्या वाचतांना दुसरी एक खबरदारी घ्यावी. घरगुती वस्तूंच्या यादींत 'सतरंज' आणि 'सतरंजी' हे शब्द घाईंत एकच वाटतात. आणि बैठकीची सतरंजी तरी काय, शतरंजाच्या चौकटींवरूनच तिला नांव मिळालें. शेजारीं मोहरे, प्यादीं, हस्तिदंती वा लाकडी असे शब्द असतील तर तो खेळ होय. जुने देशी पट काळ्या-पांढऱ्या घरांचे नसत. एकरंगी कापडावर रेघा व ठराविक घरांत फुल्या एवढेंच असे. म्हणून असें कापड सोंगट्यांचा पट म्हणून दूर सारण्यापूर्वीं घरें मोजावीं. मांडणीची आकृति मिळाल्यास तिची नक्कल करतांना तीन गोष्टी वगळूं नयेत: दोन्ही राजे समोरासमोर आहेत कीं प्रत्येक राजासमोर प्रतिपक्षाचा वजीर आहे, वजिरास 'वजीर' म्हटलें आहे, 'फर्जी' कीं 'मंत्री', आणि मोहरे मूळ घरीं असतांना कोणतीं प्यादीं दुसऱ्या ओळींतून पुढें निघालेलीं आहेत. शेवटची गोष्ट नकलकारास चूक वाटून तो प्यादीं सरळ ओळींत बसवून टाकण्याचा संभव फार. तीं जशीं आहेत तशींच उतरून घ्यावीं.